बाकी सर्वांना मनाई

परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, प्रफुल दुर्गेला मुलचेऱ्याहून फोन आला. प्रफुल चंद्रपुरातल्या एका नर्सिंग कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो खुर्चीला पाठ टेकून चहा पीत होता. फोनवर मुलचेऱ्याच्या शाखेतल्या क्लार्क रंजीता मंडल होत्या.

"सर, परीक्षा मंडळाची साईट उघडून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "अडतीस पोरींचे फॉर्म टाकाचे आहेत. पाच वाजता बंद होते म्हनतात."

"यादीत नसन ती," प्रफुल म्हणाला. "दोन मिनिटं थांबा मॅडम, टाकतो."

काम खरोखरच दोन मिनिटांचं होतं. ते दोन मिनिटांत का झालं नाही, हे कळायला तीन आठवडे मागं जावं लागतं.

तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या ऑफिसात गोपाल नावाच्या लिपिकानं ईमेलवर आलेली एक लग्नपत्रिका उघडली. पत्रिकेत नवराही नव्हता आणि नवरीही नव्हती. ऑफिसातले चार कॉम्प्युटर मात्र दुपारपर्यंत गार पडले. संस्थेचे सचिव सोमाजी बोरकुटे रागावले की आवाज खाली आणत. त्या दिवशी ते इतक्या हळू बोलले की प्रफुलला टेबलावर वाकून ऐकावं लागलं.

"आपल्याकडं ते फायरवॉल का काय ते हाये न? मंग ते का करून राह्यलं होतं?"

"ते हाये साहेब. पण आपण त्याले उलटं लावलं हाये," प्रफुलनं सांगितलं. "आतापर्यंत आपण सगळ्याईले येऊ-जाऊ देत होतो, अन् जो बदमाश माहीत आहे तेवढ्यालेच अडवत होतो. नवीन बदमाश आला का सरळ आत. आता असं करू का, कोणालेच जाऊ-येऊ द्याचं नाई. जे कामाचं आहे त्याची यादी करू. ती फायरवॉलची पेटी यादी वरून खाली वाचते. जुळलं का तिथंच थांबते अन् जाऊ देते. काईच नाई जुळलं, तर सर्वात खाली शेवटचा नियम: बाकी सर्वांना मनाई."

सचिवांना ते शेवटचं वाक्य फार आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "आपल्या दोन्ही बिल्डिंगीत लाव," ते म्हणाले. "कोणाचं ऐकू नको."

प्रफुलनं प्रत्येकाला कागद पाठवला: तुमच्या कामासाठी इंटरनेटवर काय काय लागतं ते लिहून द्या. प्राचार्यांनी लिहिलं, 'सर्व आवश्यक बाबी'. ग्रंथपालांनी दोन पानं भरून दिली, त्यात त्यांच्या मुलीच्या स्थळांची साईट होती. गोपालनं काहीच लिहिलं नाही, कारण त्याला आता कशालाच हात लावायची भीती वाटत होती. उरलेलं प्रफुलनं अंदाजानं भरलं आणि एका सोमवारी शेवटचा नियम चालू केला.

सोमवारी अंगठ्याचं मशीन मुकं झालं आणि सगळा स्टाफ गैरहजर लागला. मंगळवारी प्रिंटर बसला. बुधवारी यादीत असलेल्या साईटसुद्धा कोणाला सापडेनात. साईटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता सांगणारा एक सर्व्हर असतो, आणि प्रफुलनं घाईत त्यालाच मनाई करून ठेवली होती. दिवसभर लोक त्याच्या दारात येऊन उभे राहत आणि काय बंद पडलं ते सांगत. तो एकेक नियम वाढवत गेला. रात्री झोपेत त्याची बोटं चादरीवर चालत, असं त्याची बायको म्हणायची. पंधरा दिवसांनी चंद्रपूर शांत झालं.

मधल्या एका दिवशी तो मुलचेऱ्याला जाऊन तिथली पेटी लोखंडी कपाटात बसवून आला. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली बॅगेत टाकली आणि वर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'प्रफुल दुर्गे यांच्याशिवाय कोणीही हात लावू नये.' तिथले शिपाई लटारूभाऊ गेडाम तो कागद मोठ्यानं वाचत उभे होते. त्यांना त्यानं तोंडीही बजावलं, "लटारूभाऊ, कोणीही येऊ दे, कपाट उघडाचं नाई."

"नाई उघडत न सायब," लटारूभाऊ म्हणाले होते.

मग काल संध्याकाळी, चंद्रपुरात आपल्या खुर्चीवर बसून, त्यानं मुलचेऱ्याच्या पेटीला शेवटचा नियम लावला. रंजीता मॅडमनी दिलेली यादी नेटकी होती, रोज लागणाऱ्या सात गोष्टींची. परीक्षा मंडळाची साईट वर्षातून दोनदा लागते, म्हणून ती त्या यादीत नव्हती.

तर आता ती यादीत टाकायची होती, एवढंच. प्रफुलनं कप खाली ठेवला आणि मुलचेऱ्याच्या पेटीचा पत्ता टाकला. पडद्यावर छोटं चक्र फिरू लागलं. ते फिरत राहिलं. त्यानं पुन्हा पत्ता टाकला. पुन्हा चक्र.

सहाव्या वेळीही चक्रच. त्यानं आपल्याच वहीत उतरवलेले नियम वरून खाली वाचले. रंजीता मॅडमच्या सात गोष्टी. अंगठ्याचं मशीन. प्रिंटर. पत्ते सांगणारा सर्व्हर. बाकी सर्वांना मनाई. चंद्रपुराहून प्रफुल दुर्गे आत शिरेल, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

काल तो नियम लावताना तो आधीपासून आत होता. आत बसलेल्याला पेटी मध्येच उठवत नाही, म्हणून त्याला काही जाणवलं नाही. मग तो कॉम्प्युटर बंद करून घरी गेला, आणि त्याच्यामागं दार लागलं.

त्यानं मुलचेऱ्याला फोन लावला. "मॅडम, जरा अडचण आहे. मले आत येता नाई येऊन राह्यलं."

"कुठी?"

"तुमच्या पेटीत."

पलीकडं फोन स्पीकरवर असावा, कारण मागून एका मुलीचा आवाज आला. ती दिव्यानी होती, शेवटच्या वर्षाची, फॉर्मवाल्या अडतीस जणींपैकी एक. "सर, तुमी तुमालेच परवानगी नाई देली का?"

प्रफुल म्हणाला, "मोबाईलचं नेट लावून पाहा."

मुलचेऱ्यात मोबाईलचं नेट ऑफिसात येत नाही. रंजीता मॅडम लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेल्या आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या राहिल्या. दिव्यानीनं त्यांच्यावर छत्री धरली. वीस मिनिटांनी फोन आला. "साईट उघडली सर. पण ते म्हनते, या ठिकाणाहून प्रवेशाची परवानगी नाही."

प्रफुलनं कपाळ धरलं. परीक्षा मंडळानंही तेच केलं होतं. प्रत्येक केंद्राचा एक ठरलेला इंटरनेट पत्ता त्यांनी नोंदवून घेतला होता, आणि बाकी सर्वांना मनाई. मुलचेऱ्याचे फॉर्म मुलचेऱ्याच्या ऑफिसातल्या लाईनवरूनच जाणार होते. त्यानं मंडळाला फोन केला. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, की पत्ता बदलायचा असेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र पाठवा, सात दिवस लागतील.

घड्याळात सव्वा अकरा झाले होते. प्रफुलनं लॅपटॉप बॅगेत कोंबला, ड्रॉवरमधली किल्ली खिशात टाकली आणि ऑटोनं बसस्टँड गाठला. अहेरीची एसटी सुटतच होती. तिच्यातून आष्टीला उतरायचं आणि तिथून मुलचेऱ्याची गाडी पकडायची. दोन-अडीचपर्यंत आपण पोचतो, असा त्यानं हिशोब केला. एसटीत बसल्यावर त्याला आठवलं की बायकोनं दिलेला डबा टेबलावरच राहिला.

गोंडपिपरीपर्यंत सगळं बरं होतं, म्हणजे प्रफुल सोडून. तो खिडकीशी बसून पाय हलवत होता आणि दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत होता. शेजारी बसलेल्या कलाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं शेवटी विचारलं, "घरी कोनी बिमार हाये का बाबू?"

"नाई आजी. दार लागून गेलं."

"अन् आत कोन हाये?"

"कोनीच नाई," प्रफुल म्हणाला. "सगळे बाहेर आहेत."

कलाबाईनं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडं एसटी थांबली. पुढं लोहखनिजाच्या ट्रकांची रांग होती, तिला शेंडा दिसत नव्हता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि चप्पल काढून पाय वर घेतले. त्याला ही सवय दिसत होती. एक वाजला. दीड वाजला. एप्रिलचं ऊन टपावरून खाली येत होतं. पावणेदोनला मुलचेऱ्याहून फोन आला.

"सर, कुठी पोचले?" रंजीता मॅडम म्हणाल्या. "पोरी ओट्यावर बसून आहेत. एक रडून राह्यली. तिले पाहून आता तीन जनी."

"येतोच आहे मॅडम. फॉर्म सगळे तयार ठेवा, फोटो-सह्या लावून. लाईन सुरू झाली का फक्त बटन दाबाचं."

"ते तयारच हाये. सर, लटारूभाऊ काईतरी बोलतो म्हनतात."

लटारूभाऊंचा आवाज आला. "सायब, त्या कपाटाचं का हाये..."

"लटारूभाऊ, कपाटाले हातच लावू नका," प्रफुल घाईनं म्हणाला. त्याला वाटलं ते कुलूप तोडायला निघालेत. पेटी पडली असती तर सगळंच संपलं असतं. "मी येईपर्यंत कोणीच काई करू नका."

"बरं सायब," लटारूभाऊ म्हणाले.

दोन वाजता प्रफुल एसटीतून उतरला. बॅग डोक्यावर धरून तो ट्रकांच्या कडेकडेनं पूल चालून गेला. आष्टीच्या चौकात पोचला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि मुलचेऱ्याची गाडी निघून गेली होती. पुढची चार वाजता होती. त्यानं येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात दाखवायला सुरुवात केली. शेवटी एक मोटरसायकल थांबली. चालवणाऱ्याचं नाव पोचू होतं, आणि मागं दोन्ही बाजूंना मासळीच्या टोपल्या बांधलेल्या होत्या. त्यांतून पाणी गळत होतं.

"मुलचेऱ्याले जातो," पोचू म्हणाला. "बसा मधात. पाय वर धरा."

प्रफुल टोपल्यांच्या मधे बसला. हवा लागली आणि त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. ते पंधरा मिनिटं टिकलं. पहिलं बंगाली वस्तीचं गाव आलं तशी पोचूनं गाडी हळू केली आणि हॉर्न लांबवर वाजवला. घराघरांतून बाया भांडी घेऊन निघाल्या.

"भाऊ, मले पाचच्या आत पोचाचं आहे," प्रफुल म्हणाला.

"पोचतो न. पन हे लोक सकाळपासून वाट पाहून राह्यले. आज मीच उशिरा आलो, तो पूल जाम होता."

बाया घाईत नव्हत्या. त्या मासा उलटा करून बघत, कल्ले उघडून बघत, दुसरा मागत. पोचू एकटाच तोलायचा, कापायचा आणि बोलायचा. प्रफुल घड्याळ बघत गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग त्यानं तराजू हातात घेतला.

दुसऱ्या गावात तो तोलत होता आणि पोचू कापत होता. तिसऱ्या गावात एका बाईनं त्यालाच विचारलं की रोहू ताजा आहे का. प्रफुलनं मनापासून सांगितलं की एकदम ताजा आहे, बाई, घ्या आणि जा. चौथ्या गावात टोपल्या रिकाम्या झाल्या, आणि तिथून पुढं पोचूनं गाडी अशी सोडली की प्रफुलनं डोळे मिटून घेतले.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तो मुलचेऱ्याच्या शाखेच्या फाटकातून आत आला. ओट्यावर बसलेल्या अडतीस मुली एकदम उठल्या आणि तो जवळ येताच एकदम दोन पावलं मागं सरकल्या. शर्टाच्या बाह्यांवर खवले चिकटले होते.

"या सर," रंजीता मॅडम नाकाला पदर लावून म्हणाल्या. त्या मासे खाणाऱ्या घरातल्या होत्या, पण इतका वास त्यांनाही नवीन असावा.

प्रफुल कपाटापाशी गेला, खिशातून किल्ली काढली आणि कुलपात घातली. किल्ली आत गेली, पण फिरली नाही. त्यानं काढून पुसली, पुन्हा घातली. फुंकर मारली, पुन्हा घातली. मग त्यानं किल्ली उजेडात धरली आणि ती कुठली आहे ते त्याला कळलं. चंद्रपूरचं कपाट आणि मुलचेऱ्याचं कपाट एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलं होतं. दोन्ही किल्ल्या एकाच ड्रॉवरमध्ये असत. मुलचेऱ्याची किल्ली आत्ता चंद्रपुरात होती.

तो तिथंच खाली बसला. ओट्यावर एकीनं हुंदका दिला.

"तोडा," प्रफुल म्हणाला. "लटारूभाऊ, काईतरी आणा अन् तोडा."

लटारूभाऊ त्याच्या मागंच उभे होते. त्यांनी सदरा थोडा वर केला, करदोट्याला बांधलेली एक किल्ली सोडवली, वाकून कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं.

प्रफुल त्यांच्याकडं बघत राहिला. "हे... हे तुमच्यापाशी कुठून आली?"

"कपाटासंगं दोन आल्या होत्या न सायब. एक तुमी नेली. एक मी ठेवली, हरपलीगिरपली तं पंचाईत नोको म्हनून."

"अन् सकाळपासून सांगतलं काऊन नाई?"

"सांगून राह्यलो होतो दुपारी. तुमी म्हनलं हातच लावू नोको." लटारूभाऊंनी कागदाकडं बोट दाखवलं. "अन् इथी लिवलं हाये. माहं नाव नाई त्याच्यात."

कपाटाचं दार पूर्ण उघडलं तेव्हा पेटीवर एक स्टीलचा डबा ठेवलेला दिसला. लटारूभाऊंनी तो पटकन उचलून पाठीमागं घेतला. "ते मशीन गरम राह्यते न," ते खालच्या आवाजात म्हणाले. "भाजी गरम राह्यते दुपारपर्यंत. आज दुपारी उघडलं नाई, म्हनून जेवलो बी नाई."

पुढं बोलायला वेळ नव्हता. प्रफुलनं लॅपटॉपची वायर सरळ पेटीत लावली. पेटीनं त्याला आत घेतलं. चार चाळीस. त्यानं मंडळाच्या साईटचा नियम लिहिला आणि ओरडून सांगितलं, "पाहा मॅडम."

"नाई उघडत," रंजीता मॅडम म्हणाल्या.

त्यानं स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. पत्ता तपासला. बरोबर. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. दिव्यानी दारातून वाकून पडद्याकडं बघत होती.

"सर," ती म्हणाली, "हे वरून खाली वाचते न?"

"हो."

"मंग ते सगळ्याईले मनाई वर हाये, अन् आमची साईट त्याच्या खाली."

प्रफुलनं पाहिलं. घाईत त्यानं नवा नियम यादीच्या अगदी तळाला, शेवटच्या नियमाच्याही खाली लिहिला होता. पेटी तिथपर्यंत वाचत जाणारच नव्हती. त्यानं तो उचलून वर नेला. त्याच झपाट्यात चंद्रपुराहून आपण आत येऊ शकू, असा नियमही लिहिला, आणि तो सगळ्यात वर ठेवला.

"उघडली," रंजीता मॅडम म्हणाल्या.

नंतरची पंधरा मिनिटं मुली ओट्यावर उभ्याच होत्या. रंजीता मॅडम एकेक फॉर्म टाकत होत्या आणि प्रत्येक वेळी नाव वाचत होत्या. नाव वाचलं की ती मुलगी ओट्यावर मटकन बसायची. शेवटचा फॉर्म साक्षी नावाच्या मुलीचा होता, आणि तो गेला तेव्हा चार सत्तावन्न झाले होते. रंजीता मॅडमनी माऊसवरचा हात काढला आणि तो दुसऱ्या हातानं चोळत बसल्या.

सव्वापाचला सचिवांचा फोन आला. त्यांचा आवाज फार हळू होता. प्रफुल उठून उभा राहिला.

"मी ऐकलं," सोमाजी बोरकुटे म्हणाले. "तू लावलेल्या पेटीत तूच नाई शिरू शकला म्हनते."

"साहेब, माझी चूक झाली. एक नियम राहून..."

"चूक का? मी इथी सगळ्याईले सांगून राह्यलो. ज्यानं बसवलं त्यालेच आत जाता नाई आलं, तं चोर कुठून येते? मले अशीच पायजे होती. सिरोंच्याले आपण नवीन शाखा काढून राह्यलो. तिथीबी हेच लाव. तू तसाई अर्ध्या रस्त्यात हायेस. चंद्रपूरले वापस येऊ नोको, उद्या सकाळी तिकूनच पुढं निघ. पेटी मी गाडीनं धाडतो."

सगळ्या जगाला नाही म्हणायची सोय प्रफुलनं दोन कपाटांत करून ठेवली होती. सचिवांना नाही म्हणायची सोय त्याच्याकडं नव्हती. "बरं साहेब," तो म्हणाला.

मुली घरी निघाल्या होत्या. दिव्यानी जाताना म्हणाली, "येतो सर," आणि सायकलवर बसली. प्रफुल नळावर जाऊन हात धुवू लागला. साबण तीनदा लावला तरी फरक पडेना.

लटारूभाऊ टॉवेल घेऊन आले. "सायब, आज मुक्काम माह्या घरी. सकाळी आलापल्लीवरून सिरोंच्याची गाडी भेटते, मी बसवून देतो. दिवसभर काई खाल्लं नाई तुमी. घरी सांगतो सयपाकाचं. का खाता?"

प्रफुलनं बाहीवरचा एक खवला नखानं काढला आणि तो नळाखाली धरला.

"मासे सोडून काहीही चालन," तो म्हणाला.